कार्टूनमधला संदेश कुठे असतो आणि मुलांबरोबर तो कसा पाहायचा

प्रश्न असा आहे: शाळेत तिसरी ते सातवीच्या मुलांना महिन्यातून एकदा ॲनिमेशनपट दाखवला जातो. काही पालक म्हणतात, त्यात राजकारण असतं, परकी संस्कृती असते, दाखवू नका. काही म्हणतात, कार्टून आहे, त्यात कसलं आलंय राजकारण? यातलं खरं काय? असे संदेश ओळखायचे कसे? आणि मुलांशी त्याबद्दल बोलायचं की नाही?

बोलायचं. पण त्याआधी आपण स्वतः नीट पाहायला शिकायचं. बहुतेक जण संदेश शोधतात तो शेवटच्या पाच मिनिटांत, जिथे एखादं शहाणं पात्र मैत्रीबद्दल किंवा स्वतःवरच्या विश्वासाबद्दल दोन वाक्यं बोलतं. मुलं तिथून फार थोडं उचलतात. ती उचलतात आधीच्या ऐंशी मिनिटांतून: कोण कसं दिसतं, कोण कसं बोलतं, ठरवतं कोण, हसं कोणाचं होतं आणि गोष्ट संपताना कोणाच्या पदरात काय पडतं. राजकारण म्हणजे पक्ष आणि निवडणुका एवढंच धरलं तर कार्टूनमध्ये ते क्वचितच सापडेल. पण हुकूम कोणी द्यायचा आणि ऐकायचं कोणी, आपलं कोण आणि परकं कोण, हेही राजकारण धरलं तर एकही ॲनिमेशनपट त्यातून सुटत नाही.

ॲनिमेशनला हे जास्त लागू पडतं, त्याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या बाजाराच्या दृश्यात मागून एखादा माणूस सहज निघून जातो. ॲनिमेशनमध्ये सहज कोणीच जात नाही. सेकंदाला 24 फ्रेम लागतात, हाताने काढलेल्या कामात बहुधा एक चित्र दोन फ्रेमना धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. मागे बसलेल्या भाजीवालीचं नाक, तिच्या लुगड्याचा रंग, तिची मान हलवण्याची ढब कोणीतरी ठरवलेली असते, कोणीतरी काढलेली असते आणि कोणीतरी मंजूर केलेली असते. 'ते काय, चुकून आलं असेल' हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. फार तर असं होतं की काढणाऱ्याने विचार न करता हाताच्या सवयीने काढलं. मग ती सवय कुठून आली, हा प्रश्न उरतोच.

मुलं शेवटचा धडा उचलत नाहीत, याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मारी-लुईस मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे आधी त्याला बिचकतात, शेवटी सगळ्यांची गट्टी जमते. मोठ्या माणसाला धडा लगेच कळतो: वेगळ्या दिसणाऱ्याला दूर लोटू नये. मुलांना विचारलं तर बहुतेकांचा धडा तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावं, एवढ्यावरच थांबला. कुत्र्यावरून माणसावर उडी मारायचं ते वयच नाही. याच संशोधकांच्या पुढच्या कामात भागाच्या अधेमधे थांबून सरळ शब्दांत समजावणारे छोटे तुकडे घातले, तेव्हा मुलांना जास्त कळलं. घरी आणि वर्गात आपण नेमकं हेच करू शकतो. चित्रपट संपल्यावर भाषण द्यायचं नाही. मधेच एकदा थांबवायचं, एक वाक्य बोलायचं आणि पुढे चालू करायचं.

यावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. ज्या चित्रपटात 75 मिनिटं टिंगल, भांडण आणि भीती आहे आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं गोड होतं, तो सात वर्षांखालच्या मुलापुरता टिंगल आणि भीतीचा चित्रपट असतो. चित्रपट निवडताना कथासार वाचून निवडू नका. घड्याळ लावून पाहा, तंटा किती वेळ चालतो आणि तो मिटवण्याला किती वेळ दिलाय.

आता संदेश कसकसा भरला जातो ते पाहू. सगळ्यात उघड प्रकार सरकारी प्रचाराचा. त्याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ते वाईट हाताचं काम नाही, फार चांगल्या हाताचं आहे. जपानी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात मित्सुयो सेओ या दिग्दर्शकाकडून मोमोतारो या लोककथेतल्या पीचमधून जन्मलेल्या मुलावर दोन चित्रपट करून घेतले. पहिला 1943 चा, साधारण 37 मिनिटांचा. दुसरा 74 मिनिटांचा, एप्रिल 1945 मध्ये प्रदर्शित झालेला, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यात दक्षिणेकडच्या एका बेटावर जपानी तळ उभा राहतो. तिथल्या जंगलातले प्राणी गोंडस आहेत, गोंधळी आहेत, त्यांना बोलता येत नाही. त्यांच्यासाठी वर्ग भरतो. शिकवणारा सैनिक जपानी शब्द सांगतो आणि वर्गात नुसता दंगा होतो. मग माउथ ऑर्गन सुरू होतो, जपानी मुळाक्षरांचं गाणं चालू होतं आणि तेच प्राणी एका सुरात गाऊ लागतात. गाता गाता ते तळावरची कामंही करू लागतात.

या दृश्यात एकही वाईट शब्द नाही. बंदूक नाही, धाक नाही. उलट ते इतकं लोभस आहे की बघताना आपणही मान डोलावतो. आणि सांगितलंय काय? त्या लोकांना स्वतःची भाषा नव्हती. आम्ही गेलो, अक्षरं दिली, तेव्हा ते शिस्तीत आले आणि आनंदाने आमची कामं करू लागले. वसाहतवादाची अख्खी मांडणी एका गाण्यात बसवलीय. पुढे शत्रू येतात ते ब्रिटिश अधिकारी. त्यांना माणसासारखं काढलंय, पण डोक्यावर राक्षसाची शिंगं आहेत. ओसाकात हा चित्रपट पाहणाऱ्यांत सोळा वर्षांचे ओसामू तेझुका होते, जे पुढे जपानी कॉमिक्स आणि ॲनिमेशनमधलं सर्वांत मोठं नाव झाले. प्रचारासाठी केलेल्या कामातली कला त्यांना भिडली. चांगली कला आणि वाईट हेतू एकाच चौकटीत राहू शकतात, हे सहावी-सातवीच्या मुलांना कळतं. ते त्यांच्यापासून लपवायचं काही कारण नाही.

दुसरा प्रकार शेवट बदलण्याचा. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वर ब्रिटनमध्ये हॅलस आणि बॅचलर यांनी 1954 मध्ये ॲनिमेशनपट केला. त्यामागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा पैसा होता, हे पुढे उघड झालं. पुस्तकाच्या शेवटी प्राणी खिडकीतून आत पाहतात आणि डुक्कर कोणते नि माणसं कोणती हे त्यांना ओळखता येत नाही. तिथे पुस्तक थांबतं. चित्रपटात प्राणी पुन्हा उठाव करून डुकरांवर चाल करून जातात. पुस्तकात डुकरं म्हणजे सोव्हिएत रशियाचे सत्ताधारी आणि माणसं म्हणजे भांडवलशाही देशांचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सत्ताधाऱ्यांवर बोट होतं, चित्रपटात ते एकाच बाजूकडे वळलं. मूळ गोष्ट हाताशी असेल तेव्हा आधी शेवट ताडून पाहावा. सर्वांत मोठा फेरफार बहुधा तिथे असतो.

प्रचार म्हटला की तो शत्रूचाच, असं समजू नका. 1941 मध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या चित्रकारांना घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले ते अमेरिकी सरकारच्या शेजाऱ्यांशी मैत्री वाढवण्याच्या धोरणाचा भाग म्हणून. त्यातून निघालेल्या चित्रपटांतला सिगार ओढणारा ब्राझिलियन पोपट अजून लोकप्रिय आहे.

आणि आपल्याकडे? 1974 चा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहत एक पिढी मोठी झाली. फिल्म्स डिव्हिजनची निर्मिती, विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसैन यांचं ॲनिमेशन, लांबी जेमतेम सात मिनिटं. हा राजकीय चित्रपट आहे, आणि ते मी कौतुकाने म्हणतोय. राष्ट्रीय एकात्मता हे तेव्हाच्या सरकारचं धोरण होतं आणि ते लहान मुलांपर्यंत न्यायचं होतं. कामाचं सौंदर्य यात आहे की 'एकी' हा शब्द आधी व्याख्येने शिकवलेला नाही. एक आणि अनेक म्हणजे काय, हे सूर्य, चंद्र, तारे, फुलपाखरं दाखवत समजावलंय. मग जाळ्यात अडकलेले पक्षी एकदम झेप घेतात आणि जाळ्यासकट उडतात. हे दृश्यच अर्थ सांगतं. ते काढून टाकलं तर गोष्ट उरत नाही. चांगल्या संदेशपटाची माझी कसोटी हीच: संदेशाचं वाक्य पुसून टाका आणि पाहा, गोष्टीतून तो तरीही कळतो का. नंतर मोठ्या मुलांना हेही विचारावं की एकीची ही गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली, आणि पक्ष्यांनी कुठे उडायचं हे कोणी ठरवलं. असं विचारल्याने त्या चित्रपटाचा मान कमी होत नाही.

त्याच कसोटीला पुरेपूर उतरणारं दुसरं काम म्हणजे युनिसेफची 'मीना'. 1990 च्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही मालिका निघाली. मीनाचं रूप राम मोहन यांनी घडवलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या सगळीकडे ती आपल्यातली वाटावी म्हणून तिचा चेहरा, कपडे आणि घर यांची रेखाटनं गावोगावच्या मुलांना आणि पालकांना दाखवून मग पक्की केली. आंब्याच्या वाटणीचा भाग मिळाला तर जरूर दाखवा. झाडावर चढून आंबा मीना काढते, पण मोठा वाटा भाऊ राजूला मिळतो, कारण तो मुलगा. मग एक दिवस दोघं कामं बदलून घेतात. दिवसभर मीनाची कामं करून दमलेल्या राजूच्या ताटात मीनाएवढंच पडतं आणि त्याला पोटातून कळतं. भाषण नाही, आकडे नाहीत, आंब्याच्या दोन फोडी आहेत. हा भाग पाहताना मुलांकडे लक्ष ठेवा. मुली लहान फोड दिसताक्षणी काहीतरी बोलतात. मुलगे बोलतात ते राजू दमतो तेव्हा. पाहणी इथेच अर्धी झालेली असते.

आता उघड नसलेल्या संदेशाकडे वळू. इथे सर्वांत उपयोगी साधन आहे मोजणी. अमेरिकेतल्या भाषाभ्यासक कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर यांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांत कोण किती बोलतं ते मोजलं. 1937 च्या 'स्नो व्हाइट'मध्ये स्त्री-पुरुषांचे संवाद साधारण निम्मे निम्मे. 1989 च्या 'द लिटिल मर्मेड'मध्ये पुरुषांचे 68 टक्के. 1992 च्या 'अलादीन'मध्ये 90 टक्के. 1998 च्या 'मुलान'मध्ये तर मुलगी सैन्यात जाऊन देश वाचवते, तरी 77 टक्के शब्द पुरुषांचे. कारण सोपं आहे. नायिका एक ठेवली, पण तिच्या भोवतीचा ड्रॅगन, सेनापती, सोबती, राजा, दुकानदार हे सगळे सवयीने पुरुष केले. म्हणून नायिका मुलगी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिच्या आसपासचे आवाज मोजा.

बोलण्याचा ढंग हा त्याच्याही आतला थर. 'अलादीन'मध्ये सगळी पात्रं एकाच अरबी शहरातली, पण नायक-नायिका अमेरिकन ढंगाने बोलतात आणि पहारेकरी, व्यापारी परक्या हेलाने. सुरुवातीच्या गाण्यात त्या देशात नुसता चेहरा आवडला नाही तर कान छाटतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब नागरिकांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर 1993 च्या व्हिडिओ आवृत्तीत त्या जागी वाळवंटाच्या विस्ताराची आणि उन्हाची ओळ आली. लागूनच असलेली, त्या देशाला रानटी म्हणणारी ओळ मात्र तशीच राहिली. आपल्याकडे हा आक्षेप ऐकून मान हलवणं सोपं आहे. मराठी नाटक-सिनेमात नायक प्रमाण भाषेत आणि गडी-माणसं, विनोदी पात्रं मालवणी, वऱ्हाडी किंवा घाटी बोलीत, ही जुनी वहिवाट आहे. मुलांसाठी मराठीत काही करताना ती आपसूक येते. ज्या मुलाच्या घरी तीच बोली बोलतात, त्याला काय ऐकू येतं ते ध्यानात घ्या.

भाषेचा आणखी एक संदेश आहे तो चित्रपटात काय आहे यापेक्षा तो कोणत्या भाषेत येतो याचा. बांगलादेशाने 2013 मध्ये हिंदीतून येणाऱ्या डोरेमॉनचं प्रक्षेपण बंद केलं, कारण मुलं घरात हिंदी बोलू लागल्याची तक्रार होती. मराठी घरांत हे वेगळं सांगायला नको. मुलांच्या वाहिन्यांवरची बहुतेक कार्टून हिंदीत पाहिली जातात, आणि बालवाडीतलं मूल 'मला भूक लागली' आधी 'बचाओ' शिकतं. बंदीने हे सुटेल असं मला वाटत नाही. मराठी आवृत्तीची मागणी लावून धरल्याने थोडं सुटतं. डिस्नेचा 'मोआना' 2017 मध्ये न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत आला. 'फ्रोझन 2' 2019 मध्ये युरोपच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या सामी लोकांच्या उत्तर सामी भाषेत आला, आणि त्याआधी सामी लोकांच्या प्रतिनिधींशी स्टुडिओचा लेखी करार झाला होता. या दोन्ही भाषा बोलणारे लोक मराठीच्या मानाने मूठभर आहेत.

रंग तपासायचा तर डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. दृश्य थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, संगणकावरच्या साध्या चित्रांच्या प्रोग्राममधल्या रंग उचलण्याच्या साधनाने चेहऱ्याचा रंग उचला आणि कागदावर दोन रांगा करा: चांगल्यांची आणि वाईटांची. 'लायन किंग'मधला खलनायक स्कार आणि राजा मुफासा शेजारी ठेवले की मुलं आपणहून ओरडतात. आपल्या पौराणिक ॲनिमेशनपटांतले देव आणि राक्षस असेच शेजारी ठेवा. 'छोटा भीम'मधल्या दांडगट मुलाचं नाव कालिया आहे, याचा अर्थही विचारा. फक्त वर्गात सावळ्या मुलाला त्या नावाने कोणी हाक मारली तर तो विषय हसण्यावारी नेऊ नका. तिथेच थांबा.

दहा वर्षांपुढच्या मुलांबरोबर रूपक कुठे तुटतं ते शोधायला मजा येते. 2016 च्या 'झूटोपिया'त, म्हणजे प्राण्यांच्या शहरातल्या एका ससा-पोलिसाच्या आणि कोल्ह्याच्या गोष्टीत, मांसभक्षक प्राण्यांबद्दलचा संशय हे वंशभेदाचं रूपक आहे. पण या जगात मांसभक्षकांचे पूर्वज खरोखरच ससे खात होते. माणसांमध्ये ज्यांच्याविषयी पूर्वग्रह असतो त्यांच्याबद्दल असं काहीच खरं नसतं. म्हणजे पूर्वग्रह चूक असं सांगताना चित्रपटाने नकळत भीतीला एक कारण पुरवलं. निर्मात्यांनीच सांगितलंय की आधीच्या आराखड्यात मांसभक्षकांच्या गळ्यात झटका देणारे पट्टे होते आणि गोष्ट कोल्ह्याच्या नजरेतून होती. बरंच काम झाल्यावर ती सशाच्या नजरेकडे आली. कोणाच्या नजरेतून गोष्ट सांगावी, हा किती मोठा निर्णय असतो, ते या एका उदाहरणातून समजावता येतं.

याच्या उलट टोकाला हायाओ मियाझाकींचा 1997 चा 'प्रिन्सेस मोनोनोके'. जंगल तोडणारी एबोशी तिथे खलनायिका म्हणून पाहायला बसलेल्या मुलांची पंचाईत होते, कारण तिनेच कुंटणखान्यातून बायका सोडवून आणल्यात आणि महारोग्यांना काम दिलंय. पर्यावरणावरचा सर्वांत प्रामाणिक ॲनिमेशनपट मी यालाच म्हणेन. रक्तपात आहे, त्यामुळे बारा वर्षांखाली नको.

काही संदेश चित्रपटाच्या बाहेर असतात. झाडं वाचवा सांगणारा 'द लोरॅक्स' 2012 मध्ये आला आणि त्याच पात्राने माझदाच्या मोटारीची जाहिरात केली. 2016 मध्ये 'मोआना'तल्या माउई या पॉलिनेशियन पुराणपुरुषाचा तपकिरी कातडी आणि गोंदणवाला पोशाख मुलांसाठी विकायला आला आणि निषेध झाल्यावर मागे घेतला गेला. 2019 च्या 'अबॉमिनेबल'मध्ये एका ठिकाणी मागे नकाशा आहे. त्यात दक्षिण चीन समुद्रावर चीन सांगतो त्या हक्काची तुटक रेषा दिसते. काही क्षणांचं ते दृश्य, पण व्हिएतनामने चित्रपट चित्रगृहांतून काढला आणि मलेशियाने दृश्य कापायला सांगितलं. नकाशा, झेंडा, नोट, पुतळा, पाठ्यपुस्तक: पार्श्वभूमीत या पाच वस्तू दिसल्या की थांबवून पाहायची सवय लावा.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर मात्र यासाठी विसंबू नका. 2024 च्या नियमांपासून यूए 7+, यूए 13+, यूए 16+ असे वयोगट आलेत आणि ते उपयोगी आहेत. पण ते हिंसा, भीती, शिवीगाळ, नशा यांच्याबद्दल सांगतात. संवाद कोणाला किती मिळाले आणि राक्षस कोणत्या रंगाचा, हे त्यातून कळणार नाही.

आता वर्गात करायचं काय. अख्खा चित्रपट आणि चर्चा एका दिवशी करू नका, दोन्हीची वाट लागते. चित्रपट एका दिवशी निखळ आनंदाने पाहू द्या, लहान गटाला मधलं ते एक थांबणं सोडलं तर प्रश्न नाहीत, वह्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी 35-40 मिनिटांच्या तासिकेत त्यातला सहा ते आठ मिनिटांचा तुकडा परत घ्या. तुकडा निवडताना गाणं किंवा शेवटची मारामारी घेऊ नका. खलनायकाचा पहिला प्रवेश घ्या, कारण कोणाला वाईट समजायचं हे तिथेच ठरवून दिलेलं असतं. पहिली तीन मिनिटं आवाज बंद ठेवून दाखवा आणि विचारा, यातला वाईट कोण, आणि कशावरून? मुलं दाढी, नाक, रंग, सावली, खालून लावलेला कॅमेरा हे सगळं भराभर सांगतात. मग पडदा झाकून तीच तीन मिनिटं फक्त ऐकवा. वाईट कोण ते आवाजावरून ओळखता येतं का? शेवटी तुकडा सलग दाखवा आणि फळ्यावर रेघा मारत मोजा. पाच मुलांना पाच कामं वाटून द्या: मुलगे किती वेळा बोलले, मुली किती वेळा बोलल्या, निर्णय कोणी घेतला, हसं कोणाचं झालं, सॉरी कोण म्हणालं. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सत्ता कुठे आहे ते तोच सर्वांत लवकर दाखवतो.

सात वर्षांखालच्या मुलांना यातलं काही नको. त्यांच्यासाठी एकच: मधे थांबवून 'आत्ता त्याला कसं वाटत असेल?' आणि 'आपल्या वर्गात असं कोणाशी होतं का?' हा दुसरा प्रश्न म्हणजेच कुत्र्यावरून माणसावर यायचा पूल. सात ते नऊसाठी मोजणी आणि रंग. दहाच्या पुढे, चित्रपट कोणी केला, पैसा कोणाचा, मूळ गोष्टीत काय होतं.

चुका कुठे होतात? पहिली, शिक्षक उत्तर आधी सांगून टाकतात. मग मुलं कान टवकारून आपल्याला काय हवं ते ओळखतात आणि 'एकीचे बळ मिळते फळ' छापाची उत्तरं देऊ लागतात. असं उत्तर आलं की 'कुठल्या दृश्यात दिसलं?' एवढंच विचारा. दृश्य सांगता आलं नाही तर उत्तर फळ्यावर नाही. दुसरी चूक, प्रत्येक चित्रपट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणं. मुलाला आवडलेल्या पात्राला आपण दोष दिला की ते मूल गप्प होतं आणि पुढच्या वेळी आवड लपवतं. आवडणं आणि खोट दिसणं एकाच वेळी चालतं, हे तुम्ही स्वतःच्या आवडत्या चित्रपटाची खोट दाखवून सिद्ध करा. तिसरी, चित्रपटात ज्या समाजाचं चित्र वाकडं आलंय त्या समाजाचं एखादं मूल वर्गात असतं आणि सगळे वळून त्याच्याकडे बघतात. त्या मुलाला प्रतिनिधी करू नका, त्याला काहीही विचारू नका. आणि असा तुकडा घेणार असाल तर आदल्या दिवशी त्याच्या घरी सांगून ठेवा.

पालकांच्या आक्षेपाबद्दल. वर्षाची यादी जूनमध्येच लावा, प्रत्येक चित्रपटापुढे प्रमाणपत्राचा वयोगट, लांबी आणि कोणता तुकडा चर्चेला घेणार ते लिहा, आणि एखाद्या सत्राला पालकांना बसू द्या. शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरतं दाखवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये बसतं. तिकीट लावलं किंवा गावाला आमंत्रण दिलं की बसत नाही. ओटीटीच्या वैयक्तिक खात्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या.

जुने, साचेबद्ध चित्रण असलेले चित्रपट टाळावेत का? दहाच्या पुढच्या मुलांपासून लपवू नयेत असं माझं मत आहे. 1941 च्या 'डम्बो'तले कावळे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची नक्कल आहेत. 'पीटर पॅन'मधले मूळ अमेरिकन तर नुसते थट्टेचा विषय. डिस्नेने 2020 मध्ये आपल्या ओटीटीवर अशा चित्रपटांआधी सविस्तर सूचना घातली आणि 2021 मध्ये सात वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांतून ते काढले. वयाची ही रेघ मला योग्य वाटते. लहानांना एकट्याने नको, मोठ्यांना बरोबर बसून.

एक उपक्रम मात्र जरूर करा, कारण सगळ्या चर्चेपेक्षा तो जास्त शिकवतो. 45 ते 60 सेकंदांचं, दोन-तीन पात्रांचं दृश्य निवडा, आवाज बंद करा आणि मुलांना मराठीत संवाद लिहायला सांगा. चार-पाच जणांचा गट, आठ-दहा वाक्यं, एक तासिका लिहायला आणि एक म्हणायला. रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका, पडद्याशेजारी उभं राहून चालत्या दृश्यावर बोलू दे. ओठांची हालचाल जुळणार नाही, जुळवायला लावू नका. वाक्याची लांबी तेवढी जुळवा, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडावर जातं. लिहिताना गटात भांडणं सुरू होतात: राजाने 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? नोकराने त्याला काय म्हणायचं? राक्षसाला कोणती बोली द्यायची? मुलगी घाबरून ओरडते तिथे तिला ओरडू द्यायचं की दुसरं काही म्हणू द्यायचं? त्या भांडणात पडू नका, फक्त प्रत्येक गटाचा कागद जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळे कागद शेजारी शेजारी लावले की दिसतं: चित्र तेच, पात्रं तीच, आणि एका गटात राक्षस वऱ्हाडी बोलतोय, दुसऱ्यात पुस्तकी, तिसऱ्यात सरांसारखा. तसं का केलं, हे मग त्यांनाच सांगू द्या.